पाळकांनी बघितलाय

ईस्टरआधीच्या गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यांवर बारा माणसं घरून पाय धुऊन येऊन बसली होती. ही त्या मंडळीची जुनी रीत. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाळकांनी त्या संध्याकाळी बारा जणांचे पाय धुवायचे. आणि पाळकांच्या हाती मळका पाय देणं बरं दिसत नाही, म्हणून बारा जणांनी घरीच ते घासून, पुसून, कुणी पावडर लावून आणायचे. स्टीलच्या परातीत पडणारं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राही. धैर्यशील घोलप नगरहून इथे पाळक म्हणून आला त्याला हे दुसरं वर्ष होतं. मागच्या वर्षी त्या स्वच्छ पाण्याकडे पाहून त्याला किंचित हसू आलं होतं. या वर्षी त्याला ते पाणी खुपलं नव्हतं. सवय ही अशीच, न विचारता, माणसाच्या आत राहायला येते.

आठव्या खुर्चीवर आकाराम आवळे बसले होते. उद्यमनगरच्या एका फौंड्रीत साच्यात लोखंड ओतण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पावलाच्या वरच्या बाजूला ठिणग्यांचे बारके पांढरे डाग होते, जणू कुणी तिथे एक विझलेलं आकाश गोंदून ठेवलं होतं. सगळी मंडळी त्यांना अप्पा म्हणे. धैर्यशीलनं त्यांचा उजवा पाय उचलून परातीवर धरला, तळव्याखाली अंगठा सरकवला, आणि अंगठा थांबला.

अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, रुपयाएवढी जागा ओली होती. कडा पांढुरक्या, मधोमध काळं. वास आला तो गोडसर होता; बंद खोलीत विसरलेल्या फळाला येतो तसा. त्यानं मान वर केली. अप्पा गाण्याचं शेवटचं कडवं मोठ्यानं म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेचं नावसुद्धा नव्हतं. साखरेनं त्या पायाची जाणीवच केव्हाची पुसून टाकली असावी.

तो क्षण लांबला. स्टँडवरच्या मोबाईलमधून उपासना थेट दाखवली जात होती. अजून चार खुर्च्या उरल्या होत्या. उपासना संपल्यावर विचारू, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि त्या विचाराच्या तळाशी दुसरा एक विचार बसला होता, ज्याला त्यानं त्या वेळी मान वर करू दिली नाही: हे इथे, सर्वांसमोर, नको. त्यानं तांब्यातलं पाणी ओतलं, पाय पुसला. पंच्यावर पिवळट डाग उमटला. डाग आत जाईल अशी घडी त्यानं घातली आणि तो नवव्या खुर्चीकडे वळला.

उपासनेनंतर दारात हस्तांदोलनाची रांग होती. अप्पांना फाटकातून बाहेर पडताना त्यानं पाहिलं. उद्या, असं त्यानं ठरवलं.

रात्र व्हायच्या आत मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आला. आठव्या खुर्चीपाशी वाकलेला पाळक, डोळे मिटल्यासारखे, एका म्हाताऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलेलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सेवक असावा तर असा.' त्याखाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. कुणी म्हणालं, पाळकसाहेब तिथे भावनेनं क्षणभर थांबले, आमचेही डोळे भरून आले. ज्या क्षणी तो खोटा ठरला होता तो क्षण लोकांनी भक्तीचा म्हणून जपून ठेवला. त्यानं फोटो पुसायला सांगितलं नाही. तेवढ्यासाठी कारण सांगावं लागलं असतं.

मग उत्तम शुक्रवार आला, क्रूसावरच्या सात उद्गारांची तीन तासांची उपासना आली, ईस्टरची पहाटफेरी आली. शब्दांना या आठवड्यात फार काम असतं. रविवारी अंगणात अप्पा दिसले. चालताना एका बाजूला कलत होते.

"काय अप्पा, तब्येत?" त्यानं चालता चालता विचारलं.

"झक्कास! प्रभू उठला, आता मटण कवा उठणार ते सांगा."

आजूबाजूचे हसले. तोही हसला. तो प्रश्नच असा विचारला गेला होता की त्याला तेवढंच एक उत्तर मिळू शकलं असतं. हे त्याला त्याच दिवशी, जेवायला बसताना कळलं, आणि कळूनही तो जेवला.

नंतरच्या एका सकाळी वर्षाराणीचा फोन आला. वर्षाराणी ही अप्पांची एकुलती मुलगी. जयसिंगपूरला दिलेली, तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. अप्पांना तापात बरळताना शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं. ती पहिल्या एसटीनं आली होती. धैर्यशील पोहोचला तेव्हा अप्पा खाटेवर टेकून बसले होते, पाय जाड पट्ट्यांत गुंडाळलेला. ताप उतरला होता. उतरला नव्हता तो मुलीचा राग.

"बरं झालं आलात, पाळकसाहेब. आता तुमच्यासमोरच विचारते ह्यांना. शुगर आहे म्हणून दर फोनला मी विचारायची, तळवा बघता का? वाकवत नाही म्हणून आरसा आणून दिला, तर त्यात दाढी करतात! ईस्टरनंतर परत विचारलं. तर काय म्हणाले माहितीय? 'पाळकसाहेबांनी गुरुवारी हातात घेऊन बघितलाय. काय असतं तर बोलले असते की.' मीपण येडी, गप्प बसले. म्हटलं, पाळकांनी बघितलाय म्हणजे बरा असणार." तिचा आवाज चिरकला. "तुमच्या नावावर खोटं बोलले हो! देवमाणसाच्या नावावर. डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं. आता घोट्याच्या वरून जाणार पाय."

अप्पा खिडकीकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली, धैर्यशीलकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिला धरून उभं राहता आलं असतं.

"चुकलं, बाई," ते मुलीला म्हणाले. "थाप मारली. सोड आता."

खोलीत एक जागा मोकळी झाली, एका वाक्याएवढी. धैर्यशीलला ती स्पष्ट दिसली, उघड्या दारासारखी. तितक्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि त्याच्या तोंडून वाक्य निघालं ते भलतंच होतं.

"आपण प्रार्थना करूया."

त्यानं प्रार्थना केली. आवाज शांत होता, शब्द जागच्या जागी पडत होते, आणि वर्षाराणी हुंदके देत आमेन म्हणाली. बाहेर जिन्यावर त्याला धरून ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे." हे आभार खिशात घालून तो घरी गेला. वाटेभर त्याच्या मनात प्रभूनं सांगितलेल्या दाखल्यातला तो याजक चालत होता, जखमी माणसाला पाहून रस्त्याच्या पलीकडून गेलेला. त्या याजकाचा त्याला हेवा वाटला. त्यानं निदान जखम हातात घेतली नव्हती.

दुसऱ्या दुपारी वर्षाराणी जेवायला बाहेर गेलेली पाहून तो आत शिरला. स्टूल ओढून बसला. घरून तयार करून आणलेली वाक्यं खाटेजवळ येताच गळून पडली.

"अप्पा, मी पाहिलं होतं."

"म्हाईत हाय की."

"माहीत होतं?"

"तळव्याला मला काय कळत न्हाय. पर तोंड बघत हुतो तुमचं. तुमचा हात थांबला, आन् तोंडावर ते असं आलं..." अप्पांनी नाकाचा शेंडा आक्रसून दाखवला. नक्कल इतकी हुबेहूब होती की धैर्यशीलला स्वतःची शिसारी समोर बसल्यासारखी दिसली. "म्हटलं, बघितलंय माणसानं, बोलंल. न्हाय बोलला, म्हंजे फार काय नसंल. शिकलेला माणूस हाय."

"मी आज वर्षाराणींना सांगतो. रविवारी मंडळीसमोरही उभा राहतो."

"बसा खाली." तो नकळत उठला होता. "हलकं व्हायचंय व्हय तुमास्नी? पाय माझा जाणार आन् वजन तुमचं उतरणार. ह्ये बरं हाय!"

अप्पा हसले, हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "ऐका. तुमच्या आधीचा पाळक भांडणातनं गेला. अर्धी मंडळी ह्या बाजूला, अर्धी त्या. आता कुठं एका बाकावर बसाय लागल्यात. माझ्या एका पायापायी परत फुटाय नको."

"पण त्या तुम्हाला खोटं समजतात."

"समजू दे. शाळेच्या सहलीला पैसं न्हाईत म्हणून तिला थाप मारल्याली, ल्हान हुती तवा. तवापासनं खोटारडाच म्हणती. एक वाढली."

धैर्यशीलनं मान खाली घातली. "मला क्षमा करा, अप्पा."

"बघू," अप्पा म्हणाले. "आधी पाय जाऊ दे."

बाहेर रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

"एक काम हाय," अप्पा म्हणाले. "प्रायश्चित्त म्हणून न्हवं हां. ह्येचा माझ्या पायाशी काय संबंध न्हाय. मला जाता येणार न्हाय, म्हणून सांगतोय. फौंड्रीत माझा एक जोडीदार हुता, मेला. त्येची बायकू बयाबाई, मागच्या गल्लीत एकटी असती. कंबर मोडल्यापासनं खाटंवर. शेजारीण भाकरी देती, पर शी-मुताच्या भांड्याला हात लावत न्हाय. सकाळी जाऊन भांडं वतायचं, धुवायचं, दोन घागरी पाणी भरायचं. मी रोज जायाचो. पाळक म्हणून जाऊ नका. प्रार्थना न्हाय, फोटू न्हाय, मंडळीत सांगायचं न्हाय. धर्म बदलाय आला म्हणून काठी घालंल ती."

पाय गेला. शस्त्रक्रिया चालू असताना धैर्यशील बयाबाईच्या दारात उभा होता. साधा शर्ट, पायात चपला.

"कोण रं पावणं?"

"आकाराम अप्पांकडून आलोय. ते आजारी आहेत."

"नाव?"

"धैर्यशील."

"नाव लई मोठं हाय. काम काय करतोस?"

"शिकवतो," तो म्हणाला. अर्धं खरं बोलण्याची त्याला आता लाज वाटायला लागली होती. पण सांगायची मनाई होती, आणि मनाईमागे लपणं सोयीचंही होतं.

खाटेखालचं भांडं उचलताना त्यानं तोंड बाजूला वळवलं. म्हातारीनं ते पाहिलं. "नाक धरायचं आसलं तर भाईर जाऊन धर. माझ्याम्होरं न्हाय." त्यानं नाक धरलं नाही. मोरीत भांडं ओतलं, राखेनं घासलं, तिनं परत घासायला लावलं. पाणी भरताना घागर हिंदकळून अंगावर सांडली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "शिकवतोस म्हणं! कुणी शिकवलं न्हाय तुला?"

तो रोज जाऊ लागला. प्रवचन लिहिताना त्याला अलीकडे शब्दांचा वास येई. तिथे निदान वास ज्याचा होता त्याचाच होता. त्यात शांतता नव्हती. एका म्हाताऱ्याची जागा आपण भरून काढतोय, हे समाधान मनात डोकावलं की त्याला अप्पांचं 'प्रायश्चित्त म्हणून न्हवं' आठवे, आणि ते समाधान खाली बसे. उरे ती नुसती घागर, नुसती मोरी. कदाचित सेवा म्हणजे एवढंच असेल, असं त्याला वाटे. आणि असं वाटण्यातही स्वतःकडे पाहणं आहे, हे लगेच कळे.

तिकडे अप्पा घरी आले होते. वर्षाराणीनं रजा काढली होती. ती त्यांचं सगळं करी. पट्टी, औषध, बिनसाखरेचा चहा. बोलत मात्र नसे. बोललीच तर "आता तरी खरं सांगा, गोळी घेतली का?" एवढं. अप्पा गोळीचं रिकामं पाकीट दाखवत. धैर्यशील भेटायला जाई तेव्हा हे पाहत असे. एकदा ती त्याच्यासमोरच म्हणाली, "पायाचं काही नाही हो, पाळकसाहेब. पाय गेला. पण त्या फोनवर माझा किती विश्वास बसला! तेच डोक्यातून जात नाही." अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या पाठीवर उन्हाची एक पट्टी होती. धैर्यशीलनं चहाचा घोट घेतला. पंच्याची घडी घालणारे हात त्याचेच होते आणि ते अजून घड्याच घालत होते.

त्यानंतरच्या एका सकाळी बयाबाई नेहमीपेक्षा चढ्या आवाजात होती. शेजारणीनं तिला गल्लीतली बातमी पुरवली होती.

"आकारामचा पाय गेला, ह्ये मला तू सांगितलं न्हाईस!"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"तरास! अन् वर काय सांगती, आकारामनं पोरीला थाप मारली, पाळकानं पाय बघितलाय म्हणून. आरं, त्यो थाप मारतोय व्हय? माझा नवरा भट्टीवर मेला, तवा समदी गप्प बसल्याली. भट्टीला तडा हाय, ह्ये म्हाईत असून काम चालू ठिवलं, असं फौंड्रीवाल्याच्या तोंडावर बोलला त्यो एकटा आकाराम. वरीसभर घरात बसला त्यापायी, काम न्हाय धंदा न्हाय. आन् त्यो पोरीला खोटं बोलंल? त्यो पाळकच खोटा हाय. कुठं गावला तर धर त्येला, आन् माझ्याम्होरं आण."

धैर्यशीलच्या हातात भांडं होतं. ते खाली ठेवायचं भान त्याला राहिलं नाही.

"आजी, तो पाळक मीच."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. आधी चेहरा, मग भांडं धरलेले हात. खाटेच्या कडेची काठी तिच्या हाताशी होती. तिनं ती उचलली नाही.

"बघितलावतास?"

"हो."

"पोरीला सांगितलंस?"

"अप्पा नको म्हणाले."

"त्यो न्हायच म्हणणार! त्येची खोडच हाय ती, दुसऱ्याचं आपल्या डोक्यावर घ्यायाची. त्येनं घेतलं म्हणून तू देतोस व्हय? आन् हितं येऊन माझं भांडं वततोस, म्हंजे फिटलं?"

"नाही फिटत."

"मग हितं कशाला उभा ऱ्हायलास? जा." तो वळला. "आरं थांब! भांडं वतून जा."

अप्पांच्या घरी वर्षाराणी ओट्याशी उभी होती. चहाचं आधण नुकतंच ठेवलेलं. अप्पा बाहेरच्या खोलीत खाटेवर, गुडघ्याखालचा पांढरा गुंडाळा उशीवर टेकवलेला. धैर्यशीलला पाहताच त्यांना काहीतरी कळलं. "पाळकसायेब," ते घाईनं म्हणाले, "आज नको. आज दमलोय मी."

"वर्षाराणीताई," तो दारातूनच म्हणाला, "अप्पा तुमच्याशी खोटं बोलले नाहीत. त्या गुरुवारी मी जखम पाहिली होती. हातात पाय असताना पाहिली. वास आला, किळस आली, आणि लोकांसमोर नको म्हणून मी गप्प बसलो. नंतर बोलेन म्हटलं, आणि बोललो नाही. दवाखान्यात तुम्ही त्यांना खोटं ठरवलंत तेव्हाही मी तिथे उभा होतो."

"गप बसा म्हटलं न्हवं!" अप्पा ओरडले.

आधणाचा आवाज वाढत गेला. वर्षाराणीनं गॅस बारीक केला आणि ती बाहेर आली. त्याच्या बाजूनं, त्याच्याकडे न पाहता, खाटेपर्यंत गेली.

"अप्पा."

"व्हय."

"तुम्ही खोटं बोलला नव्हता."

"न्हवतो."

"आणि मी एवढे दिवस बोलत नव्हते तुमच्याशी. मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ह्या पाळकसायेबांशी बोलली नसतीस," अप्पा म्हणाले. "कुणाशी तरी न्हाईच बोलणार हुतीस तू. म्हटलं, मी घरचाच हाय."

ती खाटेच्या कडेवर बसली. तिचा हात चादरीवरून सरकत गेला, आणि जिथे पाऊल असायला हवं होतं तिथे येऊन थांबला. धैर्यशीलनं ते पाहिलं, आणि नजर वळवली नाही. याहून कमी काही पाहण्याचा अधिकार त्याला उरला नव्हता.

"वर्षे, चहा उतू जाईल," अप्पा म्हणाले.

ती उठली, आतून एकच कप घेऊन आली, अप्पांच्या हातात दिला. मग पहिल्यांदा धैर्यशीलकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"रविवारी सांगणार आहात?"

"अप्पांना ते नको आहे. मंडळी फुटेल म्हणतात."

"मी तुम्हाला विचारते आहे."

त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा कपात फुंकर घालत होते. या वेळी ते त्याच्या मदतीला आले नाहीत.

"सांगेन," तो म्हणाला.

"सांगा. मी पुढच्या बाकावर बसेन. तुम्ही सांगताना स्वतःला मोठं केलंत, रडलात, लोकांना रडवलंत, तर मी उठून जाईन." तिनं दार थोडं अधिक उघडं केलं. "आता निघा. अप्पांची पट्टी बदलायची आहे."

तो पायऱ्या उतरला. गल्लीत ऊन तापायला लागलं होतं. आतून अप्पांचा आवाज आला, चहात साखर का नाही म्हणून भांडणारा, आणि तिचा, चढा, जुना, त्यांना खडसावणारा. तो ऐकत उभा राहिला नाही. बयाबाईच्या दोन घागरी अजून भरायच्या होत्या, आणि नळ जायची वेळ झाली होती.